सूर्यास्ताच्या आत

मुंबई-पुण्याच्या मंडळींचा एका बाबतीत आम्हांला फार दिवसांपासून हेवा वाटत आला आहे. शनिवारी रात्री कर्जतची किंवा कसाऱ्याची लोकल पकडावी, रविवारी राजमाची गाठावी नाहीतर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर चढावे आणि सोमवारी दुखऱ्या पोटऱ्यांनी कचेरीत हजर व्हावे, हा त्यांच्या तरुणपणाचा एक संस्कारच होऊन बसला आहे. आपल्याकडे असे काही घडले नाही. दोन-चार पिढ्यांपूर्वी निजामाच्या मुलखात येऊन स्थिरावलेली आपली मराठी घराणी डोंगरावर गेली ती देवदर्शनासाठी. माहूरला रेणुकामातेस जावे, बासरला नातवंडांचे अक्षरारंभ करावेत, वाटेत दशम्या सोडाव्यात आणि दिवेलागणीला घरी परतावे. वाहन जाईल तेथवर वाहन न्यायचे आणि उरलेल्या पायऱ्या देवाच्या नावाने चढायच्या, इतकाच आपला गिरिभ्रमणाशी संबंध.

आता मात्र परिस्थिती पालटली आहे. आपली नातवंडे हैदराबादेत संगणकासमोर आठवड्याचे पाच दिवस बसतात आणि सहाव्या दिवशी त्यांचे पाय शिवशिवू लागतात. आदिलाबादेत राहणाऱ्या आमच्यासारख्या निवृत्त माणसाला मग दूरध्वनी येतो : "आजोबा, एका दिवसात होईल अशी एखादी वाट सांगा ना. पण सोपी नको. दमछाक झाली पाहिजे, थोडी भीतीही वाटली पाहिजे." गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

प्रश्नात तीन अटी आहेत. वाट जवळ असावी, एका दिवसात व्हावी आणि ती अवघड असावी. ह्या तिन्ही अटी एकमेकींशी फारशा जुळवून घेत नाहीत. शहराच्या जवळ जे असते ते सहसा सोपे झालेले असते. तेथे पायऱ्या होतात, कठडे होतात, भजी तळणारी कढई येते. हैदराबादच्या अंगणात म्हणाल तर सुमारे ५० किलोमीटरवर भोनगीरचा किल्ला आहे. एकाच अखंड शिळेची ती टेकडी. पायऱ्यांनी चढणाऱ्यास ती तासाभराची करमणूक आहे, पण तिच्याच उघड्या कातळावर दोर लावून शिकलेली निजामाबाद जिल्ह्यातील मालावत पूर्णा ही मुलगी २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधी, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. दुसरीकडे विकाराबादची अनंतगिरी. मूसी नदीचा उगम, अनंतपद्मनाभाचे देऊळ आणि दाट झाडी. ह्या दोन्ही जागा चांगल्याच आहेत. परंतु भोनगीरच्या कातळासाठी शिक्षक व दोर हवेत आणि अनंतगिरीला दमछाक होत नाही. तिन्ही अटी पुऱ्या व्हायच्या तर उत्तरेस, गोदावरी ओलांडून, आमच्या जिल्ह्यात यावे लागते.

आदिलाबाद हैदराबादपासून सुमारे ३०० किलोमीटर. ह्याला कोणी जवळ म्हणणार नाही. पण जवळपणा आम्ही रात्रीच्या मापाने मोजतो. जे अंतर झोपेत कापता येते ते जवळ. रात्री कृष्णा एक्स्प्रेसमध्ये बसावे, मुदखेड-किनवटमार्गे सकाळी आदिलाबादेस उतरावे. मोटारीने येणाऱ्यांसाठी ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. निर्मल सोडले की महबूब घाट लागतो आणि घाट चढून आले की नेरडीगोंडा. सातमाळा डोंगराची ही पूर्वेकडे पसरलेली शाखा. सागाचे रान, मोहाची झाडे, शिशिरानंतर पळसाचा भडका आणि त्या सगळ्यांतून वाकडीतिकडी वाहणारी कडम नदी. आम्ही ज्या वाटा सांगणार आहोत त्या ह्या एकाच नदीच्या आहेत.

वाट शोधावी कशी, हा प्रश्न मुलांना पडत नाही. ती दूरध्वनीच्या पडद्यावर बोट ठेवतात. आम्ही सेवेत असताना सर्व्हे ऑफ इंडियाची नकाशापत्रके टेबलावर अंथरून बसत असू आणि आजही आमचा भरवसा त्यांच्यावरच आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सामान्य नागरिकासाठीही अशी पत्रके निघू लागली. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर ह्या प्रमाणाच्या पत्रकावर समोच्चरेषा तपकिरी रंगात असतात. त्या जेथे विरळ तेथे पठार, जेथे एकमेकींना खेटून तेथे कडा. निळी रेषा अशा दाटीतून गेलेली दिसली की समजावे, येथे पाणी उडी घेते. अशी जागा हेरायची, जवळचे गाव पाहायचे आणि गावापासून तेथवर तुटक रेषेची पायवाट आहे का ते बघायचे. पायवाट असेल तर कोणीतरी तेथे रोज जाते आणि जो रोज जातो त्याला विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकायचे नाही.

नकाशे काढणाऱ्यांपैकी विल्यम लॅम्बटन ह्यांची आठवण आम्हांला नेहमी होते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक १८०२ मध्ये मद्रासेहून मोजमाप करीत निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे जात असता, हिंगणघाट येथे वारला. वय सत्तरीच्या घरात. आयुष्याची शेवटची वीस वर्षे हा माणूस रानातून मोजणीच्या साखळ्या ओढीत होता. गुडघे कुरकुरू लागले की आम्ही लॅम्बटनसाहेबांचे नाव घेतो.

पहिली जागा कुंतला. नेरडीगोंड्यापासून अवघ्या १२ किलोमीटरवर, सुमारे ४५ मीटरांचा, राज्यातील सर्वांत उंच म्हणून प्रसिद्ध असलेला धबधबा. शकुंतला येथे रमली म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. खडकात सोमेश्वर आहे, महाशिवरात्रीस जत्रा भरते. वरून तळापर्यंत पायऱ्या बांधल्या आहेत. म्हणजे आमच्या कसोटीप्रमाणे ही वाट सोपी झाली. तरीही आम्ही मुलांना प्रथम येथेच नेतो, ते डोह दाखवण्यासाठी. धबधब्याखालच्या डोहाला तेलुगूत गुंडम म्हणतात. वरून पाणी शांत, हिरवे, बोलावणारे दिसते. खाली खडकाच्या कपारी आणि भोवरा. पोहता येणारे, धडधाकट असे अनेक तरुण ह्या डोहांत बुडालेले आहेत. जागा जितकी सोपी केली जाते तितकी ती निर्धोक होतेच असे नाही. पायऱ्यांमुळे माणूस न थकता पाण्यापर्यंत पोहोचतो आणि न थकलेल्या माणसाला आपल्या ताकदीचा अंदाज अंमळ जास्तच असतो.

दुसरी जागा कनकाई. बजारहत्नूर मंडलातील गिरनूर गावापासून शेतांच्या बांधावरून आणि पुढे झाडीतून चालत जायचे. कनकदुर्गेचे छोटे ठाणे आहे, त्यावरून कनकाई. येथे एकामागे एक तीन प्रपात आहेत. पहिला रुंद आणि मोकळा. दुसरा बंडरेपु, खडकावर पसरणारा. तिसऱ्याला चीकटि गुंडम म्हणतात, म्हणजे अंधारा डोह. तिसऱ्यापर्यंत जाताना वाट अशी राहत नाही. नदीच्या पात्रातील गोटे, शेवाळ, वेलींचे जाळे आणि मधूनमधून गुडघाभर पाणी ह्यांतून माणसाने आपली वाट आपणच काढायची. हात-पाय-डोळे तिन्हींना काम मिळते. ज्यांना तीस वर्षांत जमिनीवर हात टेकण्याचा प्रसंग आला नाही त्यांनी हे अवश्य करून पाहावे.

तिसरी आणि आमच्या मते खरी अवघड जागा म्हणजे तर्णम खुर्द गावापलीकडील गायत्री. गावापासून काही किलोमीटर आधी कापसाची व तुरीची शेते, मग सागाचे रान आणि अखेरीस कडम नदीच्या घळीत एकदम उतार. उंच कड्यावरून पाणी घळीत कोसळते. अलीकडे हैदराबादेतील साहसी मंडळांची मुले येथे दोर लावून धबधब्याच्या धारेतून उतरतात. आम्ही ते लांबून पाहतो. आमच्यासारख्यांना घळीत उतरून पुन्हा वर येणे पुरे. सागाची वाळलेली पाने पापडासारखी मोडतात, पण पावसानंतर तीच पाने साबणासारखी घसरतात. उतरताना मुळांना धरायचे, चढताना गुडघ्यांना समजावायचे. दुपारी तीनला घळीतून ऊन निघून जाते. वर पठारावर उजेड असतो, खाली संध्याकाळ झालेली असते. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे घळीतून बाहेर पडायची वेळ तीन, फार तर साडेतीन. एका दिवसाच्या भटकंतीतले सगळे अवघडपण ह्या हिशेबात आहे. हिमालयात चार मुक्काम असतात, आजचे उद्यावर ढकलता येते. येथे जे काय ते सूर्यास्ताच्या आत.

कडम नदीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्याच नदीवर पुढे कडमचे धरण आहे. १९५८ च्या पुरात पाणी धरणावरून वाहून धरण फुटले होते. पुढे ते नव्याने उभे राहिले. २०२२ च्या जुलैत अठराही दरवाजांतून जाऊ शकेल त्याहून अधिक पाणी धरणात येऊ लागले आणि खालच्या गावांनी रात्र जागून काढली. वर डोंगरात किती पाऊस पडतो आहे ते खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि नदी दहा मैलांवरचा पाऊस घेऊन येत असते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टात आम्ही गायत्रीला निघालो होतो. आम्ही तिघे साठी उलटलेले, हैदराबादहून आलेला आमचा नातू आणि त्याचे दोन मित्र. बरोबर गावातील एक गोंड गृहस्थ होते. वय पन्नाशीचे, बोलणे मोजके, गोंडी-तेलुगूप्रमाणे मराठीही चांगली. घळीच्या अलीकडे एक ओढा लागतो. पाणी घोट्याच्या वर नव्हते. आम्ही ओलांडून पलीकडे भाकरी सोडल्या. गृहस्थांनी मात्र आधी एक काडी घेतली आणि पाण्याच्या कडेला चिखलात रोवली. आमचे खाणे उरकेतो त्यांनी तीनदा जाऊन ती पाहिली. मग येऊन म्हणाले, "साहेब, पाणी दोन बोटं चढलं. गढूळ झालंय, पाला येतोय. आता फिरायचं."

आकाशात एक ढग नव्हता असे नाही, पण पाऊसही नव्हता. धबधब्याचा घोष स्पष्ट ऐकू येत होता. नातू म्हणाला, "आजोबा, दहा मिनिटांवर आहे हो. एवढ्या लांबून आलो. नुसतं बघून येऊ." त्याचे मित्र काही बोलले नाहीत, पण त्यांनी पिशव्याही उचलल्या नाहीत. आम्ही त्या गृहस्थांकडे पाहिले. त्यांनी पुन्हा काही सांगितले नाही. ते ओढ्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन आमची वाट पाहत उभे राहिले. आम्ही उठलो.

परतीचा रस्ता फार मुका गेला. गावात पोहोचलो तरी पाऊस आला नाही. चहा झाला तरी आला नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळले की, ओढा वीतभर चढला आणि तासाभरात उतरला. कोणीही सहज ओलांडला असता. नातवाने दूरध्वनीवर विचारले, "म्हणजे आपण उगाच परत आलो ना?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तयार होते, कारण ते आम्हांला नोकरीने फार पूर्वी दिले होते. एका पावसाळ्यात गोदावरीकाठची एक वस्ती रातोरात हलवण्याचे काम आमच्याकडे आले. वरून पाण्याचा इशारा होता. कंदील, बैलगाड्या, रडणारी मुले, असे करीत पहाटेपर्यंत सगळी माणसे शाळेच्या इमारतीत आणली. पाणी आले ते वस्तीच्या पहिल्या पायरीखाली थांबले. सकाळी एक म्हातारी आमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, माझ्या दोन कोंबड्या गेल्या. तुमचं पाणी कुठं आहे?" तिला काय सांगणार? पण पुढच्या वर्षी तसाच इशारा आला असता तर आम्ही तीच माणसे तशीच हलवली असती. निर्णय घेताना जे माहीत असते त्यावरून तो निर्णय पारखायचा, नंतर काय घडले त्यावरून नव्हे. चढणारे पाणी, गढूळ रंग, तरंगणारा पाला आणि परतीच्या वाटेवरचा ओढा एवढी माहिती हाती असताना परत फिरणे बरोबरच होते. तो ओढा पुढे चढला काय किंवा उतरला काय, त्या दुपारच्या शहाणपणात फरक पडत नाही. नातवाला हे सारे लिहून कळवले. त्याचे उत्तर आले नाही, पण ऑक्टोबरात तो पुन्हा आला आणि त्या गृहस्थांचीच चौकशी त्याने आधी केली. त्या वेळी आम्ही घळीत उतरलो. पाणी निम्मे झाले होते, ऊन कोवळे होते आणि वर यायला आम्हांला नातवाच्या दुप्पट वेळ लागला.

साहसाची वाट ज्याला आपण म्हणतो ती येथल्या माणसांची रोजची वाट असते, हे विसरून चालणार नाही. तेंदूच्या पानांचा भारा घेऊन जी बाई तो उतार चढते तिला कोणी पदक देत नाही. दिवाळीच्या सुमारास गोंडांचे दंडारीचे मेळे डोंगर ओलांडून एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून पायी जातात. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेआधी मेस्राम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनवाणी जातात आणि अनवाणीच परततात. पौष अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने पूजा होते. नोकरीत असताना तेथल्या दरबारास आम्ही जीपने जात असू आणि धुळीने माखलेले ते पाय पाहत असू. पंढरीची वारी ज्यांच्या घरात आहे त्यांना त्या पायांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आणखीही एक पादचारी ह्या रानात आहे. २०१२ मध्ये कवाल व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. विदर्भातील ताडोबा-टिपेश्वरचे वाघ तिकडून इकडे येतात. २०२४ च्या नोव्हेंबरात एक नर वाघ जोडीदारीण शोधत किनवटच्या बाजूने आपल्या जिल्ह्यात शिरला आणि बोथ परिसरातून निर्मलकडे जाऊन महामार्ग ओलांडून गेला, अशी वृत्ते अनेक दिवस येत होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तिकडे गेले, मुधोळ इकडे आले. २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. ह्यांतले काहीही त्याला कळवण्यात आले नव्हते. म्हणून वनखात्याच्या चौकीत विचारल्याशिवाय रानात शिरू नये, एकट्याने तर मुळीच नाही.

आता थोडे व्यवहाराचे. पाण्याचे वैभव पाहायचे तर जुलै ते सप्टेंबर, पण तेव्हा कुंतलाच्या पायऱ्यांवरूनच समाधान मानावे. उतरायचे, चढायचे, ओलांडायचे असेल तर ऑक्टोबराच्या मध्यापासून जानेवारीअखेर. आमच्याकडची थंडी हैदराबादकरांना ठाऊक नसते. पहाटे अंगात स्वेटर आणि दुपारी सदराही नकोसा, अशी तिची तऱ्हा. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, जाडजूड तळाचे बूट, एक विजेरी आणि शिट्टी. घरी एका कागदावर गावाचे नाव आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी. वाटाड्याला दिवसाची पुरी मजुरी द्यावी, आणि मधूनच परत फिरावे लागले तरी तीत एक रुपया कमी करू नये. उलट त्या दिवशी थोडी अधिकच द्यावी.

आणि मुलांबरोबर घरातील एका वडीलधाऱ्याने जावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. म्हातारा माणूस मुक्कामापर्यंत पोहोचेलच असे नाही. पण तो हळू चालतो, म्हणून सगळ्यांनाच हळू चालावे लागते आणि ओढ्याकाठी काडी रोवलेली कोणाच्या तरी नजरेस पडते. येत्या कार्तिकात चीकटि गुंडमपर्यंत जाण्याचा आमचा विचार आहे. हैदराबादहून ज्यांना यायचे असेल त्यांनी रात्रीच्या गाडीने यावे. गिरनूरला आठ वाजता चालायला सुरुवात करू.